बोलता झालेला मुलगा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर आठेक वर्षांचा मुलगा माइकसमोर उभा राहून ग्रहांची माहिती घडाघडा सांगत होता. नजर छताकडे, बोटं कानाजवळ एकसारखी फडफडत. शनीची कडी आटोपून तो गुरूच्या चंद्रांकडे वळला, तसे लोक डोळे पुसू लागले.

"हाच मुलगा दोन वर्षांपूर्वी आईला आई म्हणत नव्हता!" मुक्या मुलांना बोलतं करतो म्हणणारे नादगुरू शेजारून गरजले. "शब्द आत असतातच हो! नळात हवा धरते ना, तसे अडकलेले. मी फक्त तोटी सोडतो!"

त्यांनी तांब्याची कांडी मुलाच्या गळ्याला टेकवली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मुलगा कांडी बाजूला सारून चंद्रांची नावं घेत राहिला.

माझी ताईही टाळ्या वाजवत होती. तिच्या मांडीवर चिऊ, माझी भाची. सात वर्षांची, स्वमग्न. तोंडातून शब्द नाही, पण बोटं अशीच फडफडायची, नजर अशीच निसटायची. ताईला मंचावर उद्याची चिऊ दिसत होती.

"हा मुका होता, हे तू पाहिलंयस?" मी विचारलं.

"त्याची आई खोटं सांगेल का? काहीतरीच तुझं!"

त्याची आई म्हणजे ताईची जिवाभावाची मैत्रीण. ओळख याच सभागृहातली. "माझाही अगदी असाच होता गं," असं ती म्हणायची आणि ताईला तेवढ्यावर आठवडाभर बळ यायचं.

चिऊ चित्रांच्या कार्डांनी बोलायची. तहान लागली की पेल्याचं कार्ड हातात द्यायची, फिरायला जायचं असलं की चपलेचं. स्पीच थेरपीच्या बाईंनी ते शिकवलं होतं. गुरूंनी फर्मावलं, "चित्रं आहेत तोवर जीभ आळशी राहणार." मैत्रीण स्वतः घरी येऊन सगळी कार्डं घेऊन गेली. तेव्हापासून तहान लागली की चिऊ भिंतीवर डोकं आपटायची.

"शब्द आतून धडका देताहेत!" गुरू म्हणाले. ताईने तेही मानलं.

मला ते बघवेना. मी स्पीचच्या बाईंना गाठलं. पुढच्या सभेला त्या आल्या, मुलाचं बोलणं नीट ऐकलं आणि उभ्या राहिल्या.

"बाळा, तुझा पहिला शब्द कोणता रे?"

"पंखा," मुलगा माइकमध्ये म्हणाला. "तेव्हा मी एक वर्षाचा होतो. तीन वर्षांचा असताना पेपर वाचायचो."

सभागृहात कुजबुज सुरू झाली.

"लेकरू गोंधळलंय!" गुरू हसले.

"मी गोंधळलो नाही. आई म्हणते, इथे हे सांगायचं नाही. पण खोटं बोलायचं नाही, असंही आईच म्हणते. मग मी काय करायचं?"

गुरूंनी माइक हिसकावला. पण बाईंचा आवाज खणखणीत होता. "हा मुलगाही स्वमग्नच आहे. स्वमग्नता हे नाव एक, मुलं निरनिराळी. कुणी वर्षाचं असताना बोलतं, शब्दांचं भांडार असतं, पण साध्या गप्पा जमत नाहीत. कुणाला शब्द उशिरा येतात, कुणाला येतच नाहीत, आणि तेच मूल अवघड कोडं चुटकीसरशी लावतं. यांनी तुमचं न बोलणारं मूल आणि हे आधीपासून बोलणारं मूल शेजारी उभं केलं आणि सांगितलं, एक कालचं, दुसरं आजचं. एवढीच जादू!"

गोंधळात गुरू मागच्या दाराने सटकले. ताई जागची हलली नाही. मैत्रीण जवळ आली.

"त्याला शाळेत वेडा म्हणतात गं," ती रडत म्हणाली. "कुणी खेळायला घेत नाही. इथे त्याच्यासाठी टाळ्या वाजायच्या. मला वाटलं, त्यात कुणाचं काय बिघडतंय?"

"तिला नुसतं पाणी हवं असायचं," ताई म्हणाली. "आणि तू तिचं तोंड उचलून नेलंस. माझ्या घरात येऊन, माझ्या हातचा चहा पिऊन."

बाईंनी चिऊसाठी नवी कार्डं केली. पण आज ती कुणाच्या हातात कार्ड देत नाही. छातीशी घट्ट धरून बसते. ताई समोर हात पसरून वाट बघते.

म्हणून सांगतो. बरं झालेलं मूल कुणी दाखवलं, तर टाळी वाजवायच्या आधी विचारा, ते आधी कसं होतं, हे कुणी डोळ्यांनी पाहिलं? सांगणाऱ्याचे डोळे भरून आले, हा पुरावा नव्हे. आणि तुमच्या लेकराला जी भाषा येते, मग ती खुणांची का असेना, ती कुणाच्याही शब्दाखातर काढून घेऊ नका.