सगुणाबाईंचं पान

सगुणाबाई जेवतात तरी किती, हा प्रश्न कल्याणच्या त्या घरात आजवर कुणालाच पडला नव्हता. पडला तो डॉक्टरांना, आणि डोक्याला ताप झाला त्यांच्या नवऱ्याच्या, हरिहरपंतांच्या.

रेशन उठलं त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. पंत रेल्वेतून नुकतेच निवृत्त झालेले. बाईंना सारखी चक्कर येऊ लागली, तेव्हा नाही नाही म्हणत असताना त्यांना टांग्यात बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, रबरी फुगा दाबदाबून पारा पाहिला. मग फीत काढून चक्क पोटाचा घेर मोजला. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“ब्लडप्रेशर फार आहे,” डॉक्टर म्हणाले. “या वयात पोटावर चरबी साठली की ते चढायचंच. पोट उतरवा, मीठ कमी करा. नाहीतर एक दिवस अर्धांगाचा झटका येईल. जेवता किती?”

“दुपारी चार घास भात, रात्री अर्धी पोळी. देवाशप्पथ!”

झटका म्हटल्याबरोबर पंतांच्या काळजात धस्स झालं. बाईंची ठाण्याची थोरली बहीण अशीच गेली होती. केर काढता काढता तोंड वाकडं झालं, आणि आठवडाभरात सगळं आटोपलं. पंत बायकोवर दिवसभर खेकसत, पण तिच्याशिवाय त्यांना स्वतःचा चष्मासुद्धा सापडत नसे.

बरं, ही बाई खोटं बोलणारी नव्हे. मग हे पोट येतं कुठून? वाऱ्यावर?

उत्तर सापडलं ते भर दुपारी. पंत आणि नातवंडं जेवून उठली होती. बाई आणि सून उत्तरा यांचंही मागाहून उरकलं होतं. उत्तरा मुलांना निजवायला गेली, आणि पंत पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले. पाहतात तो काय, बाई पातेली पुढ्यात घेऊन बसलेल्या! तळाचा भात, त्यावर उरलेली आमटी, नातवाने अर्धी टाकलेली पोळी, वर तूप कढवलेल्या भांड्यातली बेरी साखर घालून.

“अगं, हे काय चाललंय?”

“काय म्हणजे? भांडी रिकामी करतेय. घासायला टाकायचीत ना!”

“आणि डॉक्टरांना चार घास सांगितलेस ते?”

“ते जेवण झालं. हे कुठे जेवण आहे?” बाई खरोखरच चकित झाल्या होत्या. “टाकून देऊ का? रेशनच्या दिवसांत दाण्यादाण्याला जपलंय मी.”

पंतांनी कपाळावर हात मारला. भांडण करून काही उपयोग नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःच उरलंसुरलं संपवायचा विडा उचलला. झालं काय, तर यांना भूक फार लागते असं समजून बाई आधण वाढवू लागल्या. पंतांच्या कोटाची बटणं लागेनात, आणि बाईंचा पारा जिथल्या तिथे. “माझ्या शेजारी पान मांड, मी बघतो किती जेवतेस ते,” असंही त्यांनी सांगून पाहिलं. बाई लाजून लाल झाल्या. “इश्श! सुनेदेखत? वय काय, बोलणं काय!”

पुढे एका दुपारी बाईंना अशी घेरी आली की जेवायच्या आधीच त्या आडव्या झाल्या. पंत उशाशी बसून कपाळावर ओल्या फडक्याची घडी ठेवत होते. “सगुणा, मला सोडून जायचं नाही हं,” ते एकदम म्हणाले. इतक्या वर्षांत असं कधी बोलले नव्हते. बाईंनी डोळे मिटूनच मान हलवली.

थोड्या वेळाने बरं वाटलं तशा त्या भिंतीला धरून, पंतांचा हात धरून, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आल्या. आत उत्तरा खाली बसली होती. पुढ्यात पातेली, आणि हातात नातवाने टाकलेली पोळी. पाचवा महिना लागलेली पोर ती, उष्टं निमूट खात होती.

“ठेव ते,” बाई म्हणाल्या.

“अहो आई, टाकायचं का मग?”

कुणी शिकवलं हिला हे, असं विचारायची सोय नव्हती. बाईंनी पुढे होऊन तिच्या हातातली पोळी काढून घेतली आणि म्हणाल्या, “गाईला घाल. उद्यापासून आधण मी मोजून ठेवीन. आणि तुझं पान माझ्या शेजारी, सगळ्यांबरोबर.”

“आणि तुमचं?” उत्तराने विचारलं.

बाईंनी पंतांकडे नुसतं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सगळी पानं एका वेळी मांडली गेली. बाईंचं पान पंतांनी स्वतः वाढलं. मीठ तेवढं वाढलं नाही, त्या जागी लिंबाची मोठी फोड ठेवली. बेताचा भात, वरण, एक पोळी, पालेभाजी, वाटीभर ताक. कालपर्यंत पातेल्यातून पोटात जायचं त्याच्या निम्मंही नसेल.

बाई पानाकडे पाहतच राहिल्या.

“अहो,” त्या हळूच म्हणाल्या, “हे एवढं सगळं माझ्या एकटीचं?”

पंतांनी लिंबाची फोड उचलली आणि तिच्या भातावर पिळून दिली.