सतरा नंबरचा दिवा

मी सतरा नंबरचा दिवा बोलतोय. खांब वेगळा, मी वेगळा. खांब गरीब आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. जे काही केलं ते मीच केलं.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्यासोबत एक पत्र्याची टोपी होती. ती डोक्यावर असली की उजेड खाली रस्त्यावर पडतो, इकडेतिकडे सांडत नाही. बसवायला आलेल्या वायरमनने ती उलटीपालटी करून पाहिली. "ह्याचे स्क्रू कुठायत?" स्क्रू काही सापडले नाहीत. त्याने टोपी गाडीत टाकली आणि मला बोडकाच वर चढवला. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. रस्ता, गच्च्या, झाडं, आभाळ, सगळीकडे मीच मी. झाडावरचे पक्षी अवेळी ओरडायला लागले, त्याचंही मला कौतुक वाटलं.

समोरच्या घरात पहिल्या मजल्यावर एक निवृत्त पोस्टमन राहत. मुलगा ट्रक घेऊन महिना महिना बाहेर, सून शिवणाच्या कारखान्यात. आजोबांना फारसं काही आठवत नसे, पण एक सवय पक्की होती. उजाडलं की कामाला निघायचं. माझा उजेड थेट त्यांच्या उशीवर पडे, आणि रात्री दोनला उठून ते चपला शोधू लागत.

"बाबा, अजून रात्र आहे. झोपा ना."

"रात्र कसली? बाहेर बघ की! टपाल येऊन पडलं असेल."

सुनेने जाड पडदा लावला, तर ते तो बाजूला सारून बघत. रोजच्या जागरणाने ती मशीनवर डुलक्या घेऊ लागली. एकदा सुई बोटात घुसली. शेवटी तिने पालिकेच्या कार्यालयात अर्ज दिला. मागणी एकच होती, दिव्याला टोपी बसवा.

त्याच सुमारास वीज वाचवण्याचा नियम आला. नियम चांगला होता. उजेड खालीच पडावा, आणि वस्तीत एकाआड एक दिवा बंद ठेवावा. टोप्या यायला वेळ लागणार होता, बंद करणं सोपं. साहेबांनी खुर्चीत बसूनच यादीतल्या विषम आकड्यांवर फुल्या मारल्या. पण सोळा नंबरचा खांब दोन वर्षांपूर्वी वादळात पडला होता आणि पुन्हा उभा राहिलाच नव्हता. म्हणजे पंधरा बंद, सतरा बंद, आणि मधला सोळा नाहीच. नेमकं तिथेच वळण आणि उघडं गटार.

"साहेब, तिथे फार अंधार होतोय," वायरमन म्हणाला.

"यादीत आहे ते कर."

आठ दिवस आजोबा गाढ झोपले. सूनही झोपली. नवव्या दिवशी संध्याकाळी ती कामावरून येत होती. वळणावर समोरून टेम्पो आला, त्याला वाट द्यायला ती कडेला सरली, आणि सरळ गटारात पडली. डोकं काँक्रीटवर आपटलं. मी चार पावलांवर होतो आणि बंद होतो. दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

लोक जमले तेव्हा शेजारीण म्हणाली, "हिनेच अर्ज केला होता ना, दिवे बंद करा म्हणून?" सगळ्यांनी माना डोलावल्या. अर्ज टोपीचा होता, हे सांगायला तिथे कुणी नव्हतं.

कार्यालयाने घाईघाईने सगळे दिवे सुरू केले. माझ्यात तर दुप्पट ताकदीचा बल्ब घातला. टोपीची आठवण कुणालाच झाली नाही. आजोबा पुन्हा दोनला उठू लागले. मुलगा ट्रक सोडून घरी बसलाय. तो दाराला कुलूप लावतो आणि ते आतून दार ठोठावत राहतात.

मला विझवू नका, मला आवरा. ज्याला वाट हवी त्याला ती दिसू दे, ज्याला झोप हवी त्याला ती लागू दे. दोन्ही होण्यासारखं आहे. फक्त यादी बाजूला ठेवा आणि अंधार पडल्यावर एकदा ह्या रस्त्याने चालत या.

काल मुलाने शिडी लावून खिडकीवर बाहेरून पत्रा ठोकला. आता त्या खोलीत माझा उजेड जात नाही, आणि सकाळही जात नाही. तो पत्रा माझ्या डोक्यावर हवा होता.