पिवळा ठिपका

आमच्या हॉलमध्ये हिमालयाचे सव्वीस फोटो आहेत आणि सव्वीसच्या सव्वीस फोटोंत मी आहे. शोधा म्हणजे सापडेन. डोंगराच्या पायथ्याशी तिळाएवढा पिवळा ठिपका दिसतो ना, ती मी, मधुमती.

आमचे हे, दिनकर, इथल्याच, लखनौच्या एका संशोधन संस्थेतून निवृत्त झाले. फोटोंचं वेड मात्र निवृत्त होईना. दर ऑक्टोबरला विकास नगरातून निघायचं, काठगोदामची गाडी, पुढे जीप, मग तीन-चार दिवस पायी. वरच्या कुरणावर पोचलो की यांचं सुरू. "मधू, लांब जा. आणखी लांब. फोटोत माणूस नसेल तर डोंगर केवढा आहे ते कळणार कसं?" मी पिवळं जॅकेट चढवून जायचे. हे ऊन हवं तसं पडायची वाट बघत ट्रायपॉडला चिकटलेले आणि मी तिकडे वाऱ्यात कुडकुडत उभी! "एवढ्या वर्षांत माझं नाक तरी दिसलं का एका फोटोत?" म्हणून भांडायचे, आणि पुढच्या ऑक्टोबरला पुन्हा जायचे.

यंदा गुडघ्यानं दगा दिला. डॉक्टरनं चढ बंद केले. "मग मीही नाही जात," हे म्हणाले. "नसती नाटकं नकोत," म्हणत मीच यांची सॅक भरली. आमची लेक जुई सोबत जाणार होती. खरं सांगू? मनातून वाटत होतं, माझ्यावाचून यांचं अडावं. एक फोटो धड येऊ नये. इतकी मेली मी स्वार्थी. हे गेल्यावर पाहिलं तर खुंटीवरचं पिवळं जॅकेट गायब. म्हणजे आता ते जुई घालणार.

बारा दिवसांनी दोघं परतली. यांचं नाक सोललेलं, ओठ फुटलेले. चहा व्हायच्या आत लॅपटॉप उघडला. बर्फाचं शिखर, खाली वाळलेलं गवत आणि बरोब्बर माझ्या जागी पिवळा ठिपका.

"छान आलाय," मी म्हटलं आणि दुधाचं निमित्त करून उठले. डोळे भरून आले होते. सव्वीस वर्षांची माझी जागा पोरीनं एका दिवसात घेतली होती.

"अरे आई, झूम तो करो!" जुई मागून ओरडली. लखनौत वाढलेली, मराठी सगळं कळतं हिला, पण बोलेल तर शपथ. "वो मैं नहीं हूँ. मैं तो फोटो खींच रही थी."

तिनंच ठिपका मोठा केला. माझ्या जॅकेटात हे! बाह्या कोपरापर्यंत, चेन लागलेली नाही, पोट बाहेर, आणि चेहरा मास्तरांनी वर्गाबाहेर उभं केल्यासारखा. मी हसत सुटले.

"हसू नकोस," हे म्हणाले. "चाळीस मिनिटं उभा होतो. काय गं तो वारा! तू कधी बोलली नाहीस."

"सव्वीस वर्षं तेच बोलतेय."

"आणि डोंगर तर पाठीमागं. वळून बघावं तर ही ओरडते, इधर देखो, हिलो मत. मग इतकं चालून जाऊन तू तिथं बघायचीस तरी काय?"

"तुम्हाला," मी म्हटलं. "दुसरं होतं काय बघायला?"

हे चष्मा काढून पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी गच्चीवर ट्रायपॉड मांडला. समोर पाण्याच्या टाक्या आणि शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरी. मला ते जॅकेट घालून वर बोलावलं, लखनौच्या उकाड्यात! मीही सवयीनं काठी टेकत टेकत थेट पलीकडच्या टाकीपाशी जाऊन उभी राहिले.

"अगं, तिकडं कुठं निघालीस?" हे कॅमेऱ्यामागून ओरडले. "जवळ ये. आणखी जवळ."