डबा रिकामा धाडू नये

आरमोरीत शेजारच्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. काही नसलं तर मूठभर तांदूळ, चार लिंबं, अगदीच नाही तर चिमूटभर साखर. पण भांडं हलकं जाऊ द्यायचं नाही. तालुक्यातल्या लिहित्या मंडळींनी हाच रिवाज पुस्तकांनाही लावला होता. तू माझ्या कवितांवर दोन पानं लिहिलीस, मी तुझ्या कथांवर अडीच लिहितो. सगळेच एकमेकांचे थोर.

रिनाचा पहिला कवितासंग्रह आला तेव्हा देवराव सरांनी त्याचं तोंडभरून कौतुक केलं होतं. सर हायस्कुलातून निवृत्त झालेले, तालुक्याच्या साहित्य मंडळातले सगळ्यांत वडील. ते कात्रण रिनाच्या आईनं, रुखमाबाईनं, बाबासाहेबांच्या फोटोशेजारी चिकटवून ठेवलं होतं. आता सरांची कादंबरी आली होती आणि त्रैमासिकाचा संपादक पियुष मागे लागला होता.

"ताई, सरांवर तुम्हीच लिहा. त्याइनं तुमच्यावर लिहिलं ना?"

कादंबरीसोबत सरांच्या पत्नीनं, सुगंधाबाईंनी, रिनाच्या लेकीसाठी डबाभर लाडू धाडले होते.

रिना दुपारी वाचायची. लेक साडीच्या झोक्यात, झोक्याची दोरी रिनाच्या पायाच्या अंगठ्यात, पुस्तक मांडीवर. शाळेचं पहिलं प्रकरण इतकं जिवंत होतं की तिनं ते दोनदा वाचलं. मग आला तो प्रसंग, ज्यावर अख्खी कादंबरी उभी होती. नायिका सूर्य मावळताना रानात जाते, फांदी हलवते, मोहफुलांचा सडा पडतो, ती ओटीत फुलं वेचते आणि वाटेकडे डोळे लावून बसते.

अंगठा थांबला. झोका थांबला. लेक कुरकुरली.

रिनानं ते पान आईला वाचून दाखवलं. रुखमाबाई तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून ती पोट धरून हसली.

"सांजच्याले मोह वेचते? तिले सांग बाई, सकाळीच गाई-बकऱ्याइनं खाऊन टाकला सारा. अन् फांदी हलवते? बोर हाये का ते?"

रिनाही हसली, पण तिचं हसू लवकर विरलं. तिला आठवलं, आई पहाटे उठवायची. झाडाखाली पाला जाळून जागा साफ केलेली असायची आणि अंधारात फुलं टपटप पडत राहायची. उजाडेपर्यंत पाठ वाकलेली. सरांच्या नायिकेची पाठ कुठंच दुखत नव्हती. तिला कुणी पहाटे उठवलंच नव्हतं.

"लिहून दे ना दोन पानं चांगली," राजदीप, तिचा नवरा म्हणाला. "कोणाले समजते?"

"ज्यायले समजते, त्यायच्यासाठीच तं लिहितो आपण."

"अन् दुसऱ्या पुस्तकाची प्रस्तावना? सरच लिहून राह्यले ना?"

रिनानं पुस्तक मिटलं. त्याहून वाईट प्रश्न तिला आतून टोचत होता. आपण नुसता डबाच भरून देणार असू, तर सरांनी तेव्हा काय केलं होतं? भिंतीवरचं ते कात्रण खरं होतं की चार लिंबं?

लिहायला आठ दुपारी लागल्या. फोनवर, एका अंगठ्यानं. पहिलंच वाक्य तिनं लिहिलं: 'सरांनी माझ्या पुस्तकावर लिहिलं आहे, हे वाचकांनी आधी ध्यानात घ्यावं.' मग शाळेच्या प्रकरणाचं हातचं न राखता कौतुक. मग मोह, आणि आईची पाठ.

पियुषचा फोन आला. "ताई, तेवढं मोहाचं काढा ना."

"छापाचं तं पूर्ण छापा, भाऊ. नाई तं राहू द्या."

छापलं. रुखमाबाईनं डबा मोहाच्या लाडवांनी भरला, रिनानं त्यावर अंक ठेवला आणि सरांच्या घरी पोचता केला. मग दहा दिवस सामसूम. मंडळाच्या बैठकीचा निरोपही आला नाही.

अकराव्या दिवशी सकाळी दारात स्कुटी थांबली. सर आत आले, पाणी प्यायले.

"तीन दिवस तुह्यावर राग होता," ते म्हणाले. "चवथ्या दिवशी पहाटे रानात गेलो. अडुसष्ट वर्षं झाली बाई या मुलखात, अन् मोह पडतानाचा आवाज मले माहीत नव्हता."

त्यांनी डबा पुढं केला. झाकण काढलं तर आत घड्या घातलेले कागद.

"तुहं पुस्तक तवा मी अर्धंच वाचलं होतं. आता पूर्ण वाचलं. हे वाच, अन् प्रस्तावना पाह्यजे का नको, मंग सांग."

बारीक अक्षरातली सात पानं, सातव्यावर कवितांच्या नावांची यादी. अकरा कवितांपुढं लिहिलं होतं: 'ऐकीव, उसनी.' रिनाचे कान तापले. चार कवितांपुढं: 'ही तुझीच. असं लिहिणारं आपल्याकडं दुसरं कोणी नाही.' तिनं ती ओळ पुन्हा वाचली. ही ओळ कुणी परतफेड म्हणून लिहिली नव्हती.

"प्रस्तावना पाह्यजे, सर," ती म्हणाली. "अशीच."

सर उठले, दारात रुखमाबाईपाशी थांबले. "बाई, दुसऱ्या आवृत्तीच्या आधी तुम्हाले वाचून दाखवतो."

"दाखवा ना," रुखमाबाई म्हणाली. "पर पहाटे चारले या. वेचता वेचता आइकतो."

सर गेल्यावर तिनं डब्यात डोकावून पाहिलं. "काय दिलं वो त्याइनं?"

रिनानं लेकीला कडेवर घेतलं, भिंतीवरचं जुनं कात्रण हलक्या हातानं सोडवलं आणि त्या जागी सातवं पान लावलं. अकरा नावांसकट.