पहिल्या घाण्याचं डोकं

थंडी मला कधीच आवडली नाही, आणि ज्यांना आवडते त्यांच्याशी माझं फारसं जमतही नाही. थंडीत लोकांचे ओठ फुटतात, टाचा फुटतात. माझं डोकं फुटतं. भांगाच्या दोन्ही बाजूंची कातडी आधी ताणते, मग पांढरी पडते, मग तिचे पापुद्रे सुटायला लागतात. लग्नानंतर मी काळा स्वेटर अंगाला लावलेला नाही. उशीचा अभ्रा रोज सकाळी खिडकीबाहेर झटकते, तर खालच्या मजल्यावरची म्हातारी वर बघून विचारते, पीठ चाळताय का.

यात गंमत अशी की माझं सासर केसांच्या तेलावर चालतं. तेही कुठल्या, तर कोरड्या डोक्याला आराम देणाऱ्या. बाटलीवर तसं छापलंय. 'थंडीचं तेल', आणि त्याखाली हसणाऱ्या बाईचं चित्र. ती बाई का हसते ते मला ठाऊक आहे. तिला ते लावावं लागत नाही.

तेल सासऱ्यांनी तयार केलं. मी या घरात यायच्या आधीच ते गेले, त्यामुळे त्यांच्याशी भांडायचं राहून गेलं. घराच्या मागच्या खोलीत शेगडी आहे. तिच्यावर मोठं पातेलं ठेवून साधं तेल कोमट करायचं आणि त्यात अर्क ओतायचा. अर्कात कापूर आहे, लवंग आहे आणि अजून काहीतरी आहे, जे सासूबाई आमच्याकडे पाठ करून मिसळतात. तो इतका जहाल असतो की बूच काढलं की खोलीत असेल नसेल त्याच्या डोळ्यांतून धारा लागतात.

हंगामातला पहिला घाणा तयार झाला की तो आधी बाटल्यांत जात नाही. तो घरातल्या सगळ्यात नव्या सुनेच्या डोक्यावर जातो. या घरची पद्धत ती. नव्या सुनेचं डोकं कोरं असतं, त्याला तेलाची सवय नसते, म्हणून परीक्षा खरी होते, असं सासूबाई सांगतात. माझं डोकं कोरं होतं त्याला आता बरेच हिवाळे झाले, पण माझ्यानंतर घरात कुणी आलंच नाही, मग मीच नवी. स्टुलावर बसायचं. सासूबाई वाटी घेऊन मागे उभ्या राहतात, बोटाने भांगात तेल सोडतात आणि विचारतात, चरचरतंय का. चरचरलं म्हणजे तेल आत चाललंय, घाणा चांगला. नाही चरचरलं तर अर्क कमी पडला. त्यानंतर आठवडाभर डोक्याला पाणी लावायचं नाही. पापुद्रे निघायला लागले की मला खिडकीशी नेऊन, केस बाजूला करून बघतात आणि समाधानाने म्हणतात, जुनी कातडी चालली हो.

पहिल्या वर्षी मी फार शहाणपणा केला. डोक्याला आग लागलेली असताना नव्या सुनेच्या तोऱ्यात म्हणाले, नाही, छान वाटतंय. अर्काचा आणखी एक डाव पातेल्यात पडला आणि नवा घाणा पुन्हा माझ्याच डोक्यावर आला. तेव्हापासून बोट टेकायच्या आधीच मी तोंड वाकडं करते. पण सासूबाई काही दूधखुळ्या नाहीत. त्या समोर येऊन माझ्या डोळ्यांत बघतात आणि पाणी आलं असेल तरच मानतात.

एकदा मी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. त्यांनी दिव्याखाली डोकं बघितलं. हा कोंडा नाही, म्हणाल्या, कातडी कोरडी पडलीय. बाहेर हवा कोरडी, घरात हीटर चालू, त्यात वरून तुम्ही हे झोंबणारं लावता. त्यांनी सांगितलेलं अगदी साधं होतं. कढत पाणी बंद, कोमट घ्यायचं. रोज धुवायचं नाही. धुतल्यावर डोकं ओलसर असतानाच बिनवासाचं साधं तेल थोडंसं लावायचं, म्हणजे ओल आत टिकते. आणि जे चरचरतं ते डोक्याच्या जवळपासही येऊ द्यायचं नाही. घरी येऊन मी हे सगळं सांगितलं. सासूबाईंनी फक्त एवढंच विचारलं की त्या डॉक्टरणीचे स्वतःचे केस खांद्याच्या वर होते की खाली. वर होते. झालं, विषय संपला.

नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, तू आईशी बोल, मी मधे पडत नाही. नवरा नरसाळ्याने बाटल्या भरतो. आईपुढे तो कधीच मधे पडत नाही, आणि कडेलाही उभा राहत नाही. सकाळी मी दुकानात लांब केस पाठीवर सोडून उभी असते, कारण गिऱ्हाईक केस बघून तेल घेतं. भांगावर मात्र रुंद पट्टा बांधायचा, अशी सासूबाईंची सूचना आहे. तो पट्टा कशासाठी, हे गिऱ्हाइकांना कळत नाही. आम्हाला सगळ्यांना कळतं आणि कुणी बोलत नाही, याचाच मला जास्त संताप येतो.

मग धाकट्या दिराचं लग्न ठरलं आणि माझा जीव भांड्यात पडला. लोकांना जाऊ येणार म्हटलं की स्वयंपाकघरात दोन हात वाढणार याचा आनंद होतो. मला फक्त तिचं डोकं दिसत होतं. लोकं म्हणाली, मुलगी उंच आहे, मनमोकळी आहे. मी विचारलं, केस कसे आहेत. दाट आहेत म्हणाले. मी म्हटलं, वा.

ती जनावरांच्या दवाखान्यात कामाला होती. इंजेक्शन देताना कुत्र्यामांजरांना धरून ठेवायचं काम. मनातल्या मनात मी तिचं नाव 'दवाखाना' ठेवून दिलं. लग्नाआधी एकदा ती घर बघायला आली. मी मागच्या खोलीत कंगव्याच्या टोकाने डोकं खाजवत उभी होते. तिने "बघू" म्हटलं, मी हो-नाही म्हणायच्या आत पट्टा वर सरकवला आणि केस बाजूला केले. तिची बोटं गार होती. इतक्या वर्षांत माझ्या डोक्याला तेलाशिवाय लागलेला तो पहिलाच हात, आणि तो बरा वाटला याचाही मला राग आला.

ती म्हणाली, "आमच्याकडे एखादं कुत्रं असं आलं तर आम्ही आधी मालकाला झापतो."

मी पट्टा खाली ओढला आणि म्हटलं, थंडीचं होतं असं. तिने सरळच विचारलं, "ताई, या घराबद्दल मला माहीत असायला हवं असं काही आहे का?"

सांगता आलं असतं. पण सांगितलं असतं तर लग्न फिसकटलं असतं आणि ते स्टूल जन्मभर माझ्याच नावाचं राहिलं असतं. मी म्हटलं, काही नाही, तेलाचा वास येतो, सवय होते. मला अपराधी वगैरे मुळीच वाटलं नाही. हलकं वाटलं. लग्नात मी हौसेने मिरवले, सगळ्यांच्या आधी जेवले आणि सासूबाईंना म्हणाले की सून छान मिळाली हो तुम्हाला. त्यांनी माझ्याकडे जरा संशयानेच बघितलं.

लग्नानंतर लवकरच थंडी सुरू झाली. नळाचं पाणी बोटांना चावायला लागलं, खिडकीच्या काचा सकाळी पांढऱ्या दिसायला लागल्या, आणि एका सकाळी मागच्या खोलीत पातेलं चढलं. दीर रिकाम्या बाटल्या पुसत होता, नवरा नरसाळं घेऊन बसला होता. सासूबाईंनी नेहमीप्रमाणे डोक्याला लोकरी स्कार्फ गुंडाळला होता. आमच्याकडे पाठ करून त्यांनी अर्क ओतला. सगळ्यांचे डोळे भरून आले आणि मी मनापासून हसले.

त्यांनी नवीला हाक मारली. ये ग, बस. पद्धत समजावून सांगितली. ती ऐकत उभी राहिली, बसली नाही. तिने वाटी हातात घेतली, वास घेतला, आणि एक थेंब कोपराच्या आतल्या बाजूला लावून तशीच थांबली. आम्ही सगळे तिचा हात बघत होतो. थोड्या वेळाने तिथे लाल डाग उमटला.

"मी नाही लावणार हे," ती म्हणाली. रागाने नाही, तोऱ्याने नाही. मला चहा नको, म्हणावं तसं.

आता सासूबाई घर डोक्यावर घेतील, दिराला बोलतील, हिच्या आईवडिलांपर्यंत जातील, असं मला वाटलं. इतकी वर्षं मला याचीच भीती होती. सासूबाईंनी तिच्या हातावरच्या डागाकडे बघितलं, तिच्या तोंडाकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "बरं, राहू दे." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू ये ग."

एवढंच. आभाळ कोसळलं नाही, पातेलं उलटलं नाही, दिराने तर मान वर करूनही बघितलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आधी राग आला तो नवीचाच. ही कोण लागून गेली, काल आलेली. मग नवरा म्हणाला, "चल ना, पटकन उरकून टाकू," आणि तो राग तिच्यावरून उठून जिथे बसायला हवा होता तिथे जाऊन बसला.

मी नवीच्या हातातून वाटी घेतली. स्टूल पायाने सासूबाईंकडे सरकवलं.

"आई, आज तुम्ही बसा."

त्या हसल्या. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मी वाटीत बोटं बुडवली आणि पुढे गेले. मी म्हटलं, केस तुमचेही आहेत, तेलही तुमचंच आहे, बघू तरी चरचरतंय का. त्या मागे सरकल्या. मी आणखी पुढे गेले. त्यांची पाठ कपाटाला लागली, आतल्या बाटल्या एकमेकींवर वाजल्या. माझी बोटं त्यांच्या कपाळाशी पोचली तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी स्कार्फ घट्ट ओढून धरला.

"नको, नको," त्या म्हणाल्या. "मला नाही सोसत ते. आग होते नुसती."

नवऱ्याच्या हातातलं नरसाळं घसरून त्याच्या पायावर पडलं, त्याला कळलंसुद्धा नाही.

मी विचारलं, "कधीपासून नाही सोसत?"

त्या माझ्याकडे न बघता बोलल्या, "ह्यांनी पहिल्यांदा लावलं तेव्हापासून. ते समोर उभे होते. कसं वाटतंय विचारलं. रात्रंदिवस खपून केलं होतं त्यांनी. माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं त्यांना दिसलं, मग मी काय सांगणार? म्हटलं, चरचरतंय, म्हणजे आत चाललंय."

म्हणजे हे असं होतं. सासऱ्यांचा शोध एवढाच, की बायको खरं बोलली नाही. आणि बायकोचं ते खोटं पुढे घराची पद्धत होऊन वाटीत पडलं आणि वर्षानुवर्षं माझ्या भांगात ओतलं गेलं. मला त्यांची दया यायला हवी होती. थोडी यायलाही लागली होती. दिराने पुसायचं फडकं खाली ठेवलं होतं, नवी त्यांना धरून बसवायला पुढे झाली होती, आणि क्षणभर मला वाटलं की आता त्या मला काहीतरी म्हणतील. चुकलं, म्हणतील. निदान माझ्या डोक्याकडे बघतील.

त्यांनी स्कार्फ सारखा केला, डोळे पुसले आणि नवऱ्याला सांगितलं की या खेपेला अर्क जरा बेताने घालू. मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "हिला उद्या लाव. आज ती रागात आहे."

माझी दया तिथल्या तिथे विझली. मी वाटी नवऱ्यासमोर धरली आणि म्हटलं, मी लावणार नाही. आज नाही, उद्या नाही, परवाही नाही. ती लावणार नाही, आईंना सोसत नाही. धंदा तुझा आहे, डोकं तुलाही आहे. बस.

नवऱ्याने वाटीकडे बघितलं, मग सवयीने आईकडे बघितलं. सासूबाई चटकन आमच्या मधे आल्या आणि वाटीवर हात ठेवला.

"त्याला नको ग," त्या म्हणाल्या. "त्याचं डोकं नाजूक आहे."

नवरा स्टुलापासून दूर सरकला, आईच्या मागे. मी वाटी सासूबाईंच्या हातात तशीच सोडली, केसांवरचा पट्टा काढला आणि पुढच्या दुकानात जाऊन उभी राहिले. तिथे गिऱ्हाइकं आली होती. मी भांग उघडा ठेवून मान खाली केली, सगळ्यांना नीट दिसावा म्हणून.