फायबरचा वड

कुसाबाईंनी पूजेचं ताट वडाच्या बुंध्याशी टेकवलं, पदर खोचला आणि बोटावर कुंकू घेतलं, तशी योगिनी पुढे सरकली. कारण तो वड नव्हताच मुळी. आत लोखंडाचा खांब होता, खांबाभोवती जाळी, जाळीवर फायबर, आणि फायबरवर रंगाऱ्याने जीव ओतून काढलेलं शेवाळ. पारंब्या काथ्याच्या होत्या. पानं अशी की पाण्याचा पाइप मारला की लख्ख.

मागे वाडीतल्या बायका माना वर करकरून बघत होत्या. ठेवणीतल्या साड्या, नाकात नथी, हातात सुताची गुंडी.

"अगं बया, केवढा वाढला गं!"

"खतपाणी मिळालं मंग काय! आपल्याकडं होता तवा शेरडं ओरबाडायची."

योगिनी या करमणुकीच्या पार्कच्या बागेची सुपरवायझर. कुठलं झाड काढायचं, कुठलं हलवायचं, रिकाम्या जागी काय लावायचं, सगळं तिच्याच डोक्यावर. सिन्नरच्या अलीकडे, हायवेला लागून हा पार्क उभा राहत होता, आणि वाडीचा वड नेमका रोलर कोस्टरच्या पहिल्या खांबाच्या जागी आडवा आला. वाडीत बोंब उठली तेव्हा साहेबांनी योगिनीलाच पुढे केलं. बाईमाणूस गेलेलं बरं, म्हणे! देवळाच्या ओट्यावर कुसाबाईंच्या शेजारी बसून तिने शब्द दिला होता, की वड तोडणार नाही, मुळासकट उचलून दुसरीकडे लावू. वटपौर्णिमेला या, तुमचा वड तुम्हाला पुजायला मिळेल.

तो शब्द तिने पाळलाही होता. मुळांच्या गड्ड्याला गोणपाट गुंडाळून, क्रेनने उचलून, वड पार्किंगच्या मागे नेऊन लावला. पण हलवायचा म्हणजे फांद्या छाटाव्या लागतात. आता तिथे उभा होता तो नुसता सोट. जवळ जाऊन पाहिलं तरच ठिकठिकाणी फुटलेली तांबूस पालवी दिसे. ती दिसली त्या दिवशी योगिनी चक्क रडली होती.

आज बायकांना सरळ तिकडे न्यायचं तिने ठरवलं होतं. पण गेटातून आत येताच बायकांना नेहमीच्या जागी हा हिरवागार डेरा दिसला, आणि त्या धावतच सुटल्या. त्यात पार्कच्या जाहिरातीचं बघणारे अमोल सर कॅमेरावाला घेऊन हजर.

"मागे कशाला नेता त्यांना? चिखल आहे," ते तिच्या कानाशी म्हणाले. "आणि त्या खुंटाचा फोटो कोण बघणार? इथे बघा, काय फ्रेम मिळतेय!"

"पण सर, हा खरा नाही."

"जागा तर खरी आहे ना? बायका खूश आहेत. तुम्ही कशाला मिठाचा खडा टाकताय?"

सर म्हणतात ते अगदीच खोटं होतं का? बायका खरंच खूश होत्या. सांगितलं तर सणाच्या दिवशी त्यांचा हिरमोड करायचा, नाही सांगितलं तर दिलेल्या शब्दाला काय अर्थ राहिला? इकडे आड, तिकडे विहीर.

तेवढ्यात गेटवरून पिकअपचा हॉर्न वाजला. बायकांना घेऊन आलेला गेणू ड्रायव्हरच्या सीटवरूनच ओरडला,

"ए सुले! उरक लवकर! फेऱ्या मारायला आणलंय तुला, मिरवायला नाय!"

घोळक्यातल्या सुलाबाईने मान खाली घातली. गेणू तिचा नवरा. मान वाकली तसं तिच्या कानामागून गळ्याकडे उतरलेला काळानिळा वळ योगिनीला दिसला. शेजारच्या बाईने काही न बोलता तिचा पदर वर सारला. बाकीच्यांनी पाहिलं न पाहिलंसं केलं. रोजचंच असावं.

कुसाबाईंचं बोट बुंध्याजवळ गेलं.

"मावशी, थांबा!" योगिनी ओरडलीच. "हा वड नाही. फायबरचा आहे. खांब झाकायला केलाय. तुमचा वड मागे आहे, पार्किंगच्या पलीकडे."

मग एका बाईने पुढे होऊन बुंध्यावर बोटांची टिचकी मारली.

"अगं माय! पोकळ हाय की!"

कुणी फिदीफिदी हसलं, कुणी तोंडावर पदर धरला. अमोल सरांनी कपाळाला हात लावला. कुसाबाई मात्र हसल्या नाहीत. बोटावरचं कुंकू तसंच धरून त्या योगिनीकडे बघत राहिल्या.

"जागा हिथली अन् झाड तिथलं. मंग आमचा वड कोंचा म्हनायचा, बाई?"

"मला खरंच नाही सांगता येत, मावशी," योगिनी म्हणाली. "मूळ तिकडे आहे, एवढं मात्र खरं."

कुसाबाईंनी क्षणभर विचार केला आणि ताट उचललं.

"मूळ तिकडं तर सावित्री बी तिकडंच. चला गं!"

साड्या वर धरून, एकमेकींना सावरत, चिखल तुडवत बायका निघाल्या. कॅमेरावाला बूट वाचवत मागे. तो खुंट पाहून आधी सगळ्यांचेच चेहरे पडले. "काय दशा केली गं याची!" म्हणून एक जण रडकुंडीला आली. पण कुसाबाईंना पालवी दिसली. तिच्यावरून त्यांनी उलटी बोटं फिरवली, बाळाच्या गालावरून फिरवावीत तशी. मग कुंकू लागलं, आंबे वाहिले, सूत गुंडाळायला सुरुवात झाली, आणि थट्टामस्करीला ऊत आला. योगिनीचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, सुलाबाई कुठे दिसत नाही.

ती माघारी आली. सुलाबाई खोट्या वडाभोवती एकटीच फिरत होती. सूत गुंडाळत, मन लावून, एकेक पाऊल टाकत. बिचारीला गडबडीत ऐकू आलं नसावं. योगिनी तिच्याजवळ गेली.

"सुलाबाई, अहो हा खोटा आहे! सगळ्या तिकडे मागे आहेत. मी मघाशी सांगितलं ना?"

"आयकलं ना मी." सुलाबाई थांबली नाही.

योगिनी गोंधळली. "मग? सूत खऱ्या वडाला बांधायला हवं ना? नाहीतर सात जन्म हाच नवरा कसा..."

सुलाबाई आता थांबली. तिने गेटकडे पाहिलं. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाली,

"तिकडं बांधलं अन् लागू झालं तर?"

पुन्हा गेणूचा हॉर्न वाजला.

"झालं का गं?"

"झालंच वो! शेवटचा फेरा!" सुलाबाईने खणखणीत आवाजात उत्तर दिलं.

सूत गुळगुळीत रंगावर ठरेना. वेढे घसरून खाली यायला लागले तशी तिने सुताचं टोक योगिनीपुढे केलं.

"धरा ना मॅडम जरा. निसटतंय. तेन्ला गेटावरून दिसाया पायजे."

योगिनीने एकदा मागे पार्किंगकडे पाहिलं, एकदा गेटकडे पाहिलं. मग पुढे होऊन तिने ते टोक अंगठ्याखाली घट्ट दाबून धरलं.