तिच्याही आईचं नाव

रिबकाबाईचं डोकं सकाळपासून सणकलं होतं. कारण एकच, तिचा धाकटा भाऊ इसाजी.

तीस वर्षांपूर्वी अलिबागकडची वाडी सोडून इस्रायलला गेलेला हा गडी. तिकडे वाळवंटात आपल्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांचं शेतकी गाव वसवलं, टोमॅटो पिकवले आणि गावाचा मुकादम झाला. आता तिथली पोरं शहरांकडे पळाली, घरं ओस पडली, म्हणून स्वारी माणसं गोळा करायला मुलुंडला आली होती. रिबकाबाईचा मुलगा सॅमसन लगेच तयार. पठ्ठ्याने कारखान्यातली नोकरीही सोडली. प्रवासाआधी एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करायचाच, म्हणून आज ताट सजलं होतं. गोड पोहे, ओलं खोबरं, वर फळं. सगळं सॅमसनच्या बायकोने, प्रेमा नावाच्या सुनेने केलं होतं.

प्रार्थना झाली आणि इसाजी म्हणाला, "सॅमसनने एकट्याने यावं. हिचं बघू मागाहून."

"का रे?"

"बाय, ही जन्माने आपली नाही. लग्नाआधी रीतसर आपल्यात आली, मान्य. पण तिकडचे धर्मगुरू वंश तपासायला आईच्या आईचं नाव विचारतात, तिच्याही आईचं विचारतात. गावाला कटकट नको."

प्रेमाने मान खाली घातली. रिबकाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. अरे मेल्या! वीस वर्षांपूर्वी त्याच धर्मगुरूंनी हाच प्रश्न ह्यालाच विचारला, तेव्हा हा अख्ख्या गावासकट निषेध म्हणून रस्त्यावर उपाशी बसला होता. इकडे त्याच्यासाठी तिनेही चूल पेटवली नव्हती.

"तेव्हा कोण ओरडत होतं रे, आम्ही काय बाजारातले बैल आहोत, दात मोजून घ्यायला?"

"ते वेगळं होतं."

"डोंबलाचं वेगळं!"

इसाजीने ताटाकडे हात नेला. पहिला घास मुकादमाचा, ही रीतच. रिबकाबाईने ताट खसकन ओढलं.

"थांब. आधी आपल्या आजीच्या आईचं नाव सांग."

इसाजी बोटांवर नावं मोजू लागला आणि आजीपाशीच अडकला.

"नाही ना माहीत? मलाही नाही. मग तू मुकादम कसला आणि ही परकी कसली?"

तिने मलिद्याची मूठ भरली आणि प्रेमाच्या हातावर ठेवली. "खा गं बाळा."

सॅमसन उठला, बायकोशेजारी जाऊन बसला आणि त्याने हात पुढे केला. दुसरा घास त्याला मिळाला. तिसरा रिबकाबाईने स्वतः खाल्ला. मुकादमाला कोणी विचारलं नाही.